फोर्सिथिया: लागवड, छाटणी आणि फुलं न येण्याची कारणं

पानगळ (न्यू जर्सी, झोन ७)

मार्च संपत आला की न्यू जर्सी-पेनसिल्व्हेनियाकडे कुंपणांना आणि रस्त्यांच्या कडेला अंगावर एकही पान नसलेली, पिवळ्याजर्द फुलांनी गच्च भरलेली झुडपं दिसायला लागतात. ती फोर्सिथिया. बागकामाच्या मोठ्या धाग्यावर तिच्याबद्दलचे प्रश्न दर वसंतात येतात आणि खाली वाहून जातात, म्हणून हा वेगळा धागा काढतेय.

आधी ओळख. कुळ ओलिएसी, म्हणजे पारिजातक, मोगरा, जाई, ऑलिव आणि लायलॅक यांचंच. वास मात्र जवळजवळ नाही. फुलाला बुडाशी जोडलेल्या चार पाकळ्या आणि आत दोनच पुंकेसर. पानं समोरासमोर, दातेरी कडांची, दोन ते चार इंच लांब, आणि ती फुटतात फुलं ओसरायला लागल्यावर. नर्सरीत मिळणारी बहुतेक झुडपं 'फोर्सिथिया इंटरमीडिया' या संकराची असतात. 'सस्पेन्सा' आणि 'विरिडिसिमा' या दोन जातींचा हा संकर जर्मनीत गटिंगेनच्या वनस्पती उद्यानात १८७८च्या सुमारास नजरेस आला. नाव पडलं विल्यम फोर्सिथ (१७३७–१८०४) या स्कॉटिश उद्यानतज्ज्ञावरून.

पूर्ण वाढ ८ ते १० फूट उंच आणि १० ते १२ फूट पसारा. तीन गॅलनच्या कुंडीतलं रोप बघून हे आकडे खरे वाटत नाहीत, आणि निम्म्या तक्रारींचं मूळ तिथंच असतं. खिडकीखाली तीन फुटांच्या पट्ट्यात लावायचं आणि मग जन्मभर कापत बसायचं! जागा कमी असेल तर बुटकी जात घ्या, मोठी जात लावून तिला बुटकी ठेवायच्या भानगडीत पडू नका.

लागवड सोपी आहे. दिवसाला किमान सहा तास थेट ऊन हवं. सावलीत झाड जगतं, पण फुलं विरळ येतात. माती कसलीही चालते, सामू (pH) ६ ते ८, फक्त पाणी साचायला नको. खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट रुंद, खोली मात्र गोळ्याएवढीच. गोळ्याचा वरचा भाग जमिनीच्या पातळीत राहिला पाहिजे. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला पाऊस धरून साधारण एक इंच पाणी, बुंध्यापासून चार बोटं सोडून दोन-तीन इंच आच्छादन. सुटी झुडपं लावायची असतील तर दोन झाडांत ८ ते १० फूट, सैल कुंपण करायचं असेल तर ४ ते ६ फूट अंतर.

छाटणीबद्दल जाणकारांनी लिहावं. मी एवढंच म्हणते की फुलं या वर्षीच्या फुटीवर येत नाहीत, गेल्या हंगामात वाढलेल्या फांद्यांवर येतात. बाकी सगळं यातून निघतं.

मृद्गंध (शिकागो, झोन ५)

छान धागा. इथं बऱ्याच ठिकाणी एक प्रकार दिसतो: झुडुपाच्या तळच्या दीड-दोन फुटांवर भरगच्च फुलं, आणि वर एकदम उघडी काडी. वरच्या फांद्या मेलेल्याही नसतात, मे महिन्यात त्यांना पानं येतात. हे ऊन कमी पडल्यामुळे होतं की खत?

सिकेटर (कनेक्टिकट, झोन ६)

@मृद्गंध, दोन्ही नाही. ती बर्फाची रेघ आहे. जेवढा भाग बर्फाखाली होता तेवढ्याच कळ्या वाचल्या.

फोर्सिथियाचं लाकूड चिवट असतं, झोन ४मध्येही तगतं (अमेरिकेतल्या या झोनचा आकडा जितका लहान तितकी हिवाळ्याची थंडी जास्त). फुलाची कळी तेवढी चिवट नसते. इंटरमीडियाच्या जुन्या वाणांच्या कळ्या साधारण उणे १० ते उणे १५ फॅरनहाइटला मरतात. पानाची कळी त्याहून जास्त थंडी सोसते, म्हणून मेमध्ये झाड हिरवंगार होतं आणि झाडाला काही झालंच नाही असं वाटतं. फेब्रुवारीत आठवडाभर ऊब येऊन मग अचानक पारा खाली गेला तर याहून कमी थंडीतही कळ्या जातात, कारण तोवर त्या जाग्या व्हायला लागलेल्या असतात.

कळी जिवंत आहे का, हे मार्चच्या सुरुवातीलाच बघता येतं. पेन्सिलीएवढी जाड काडी घ्या. पेरावर टोकदार, टपोऱ्या, खवल्यांच्या कळ्या दिसतील, बऱ्याचदा एका पेरावर दोन-चार एकत्र. त्या फुलाच्या. पानाची कळी बारीक आणि काडीला चिकटून असते. टपोरी कळी ब्लेडने मधोमध आडवी कापा. आत हिरवट-पिवळं दिसलं तर ती फुलणार. मधला ठिपका तपकिरी किंवा काळा असेल तर गेली. वर-मधे-खाली अशा दहा-बारा कळ्या कापल्या की यंदा किती फुलणार याचा अंदाज येतो.

शिकागोच्या उत्तरेला किंवा मिनेसोटात लावायची असेल तर वाण बदला. 'मेडोलार्क'च्या कळ्या उणे ३५ फॅरनहाइटपर्यंत टिकतात. तो अर्नोल्ड आर्बोरेटम (बोस्टनचं वृक्षोद्यान) आणि उत्तर व दक्षिण डकोटाच्या विद्यापीठांच्या कामातून आला. 'नॉर्दर्न सन' (मिनेसोटा) आणि 'नॉर्दर्न गोल्ड' (कॅनडा) हेही तितकेच उपयोगी. या वाणांमागे 'ओव्हाटा' ही कोरियन जात आहे, चिवटपणा तिचा.

ईशान्यवारा (बोस्टन)

लॉनवाले ऑगस्टमध्ये हेज ट्रिमर फिरवून फोर्सिथियाचे गोल चेंडू करून जातात. वसंतात वरून अगदी तुरळक फुलं, आतून काड्यांचा गुंता, खाली टक्कल. असं सात-आठ वर्षं कापलं गेलेलं झुडूप परत वळणावर आणता येतं का? की उपटून नवीन लावावं?

सिकेटर

येतं. उपटू नका.

आधी ऑगस्टमध्ये काय होतं ते सांगतो. फुलं एप्रिलमध्ये संपतात, मे-जूनमध्ये नवी फूट जोरात वाढते, आणि उन्हाळ्यात त्या नव्या फुटीच्या पेरांमध्ये पुढच्या वसंताच्या कळ्या तयार होतात. ऑगस्टमध्ये ट्रिमर फिरवला की त्या कळ्या थेट कचऱ्याच्या पिशवीत जातात. शिवाय ट्रिमर फक्त शेंडे कापतो. प्रत्येक कापल्या शेंड्याखाली दोन-तीन फुटवे येतात, बाहेर दाट कवच तयार होतं, आत ऊन पोचत नाही, खालच्या फांद्या वाळतात. म्हणजे अशा छाटणीने एकाच वेळी कळ्या जातात आणि बुंधाही उघडा पडतो.

रीत अशी. वेळ: फुलं गळायला लागल्यापासून दोन-तीन आठवड्यांच्या आत. हत्यार: बोटाएवढ्या काडीला सिकेटर, त्याहून जाड असेल तर लॉपर (लांब दांड्यांची कात्री), आणि दीड इंचाच्या वर गेलं की छाटणीची करवत. ट्रिमर गॅरेजमध्येच राहू द्या. झुडुपाच्या बुडाशी बसा आणि खोडं बघा. जुनी खोडं राखाडी, खरबरीत, अंगठ्याहून जाड असतात. तरणी खोडं पिवळसर-तपकिरी, गुळगुळीत, अंगावर बारीक उठावदार ठिपके असलेली. जुन्यांपैकी एक तृतीयांश निवडा आणि जमिनीपासून दोन-चार इंचांवर कापून काढा. मधेच अर्ध्यावर कापायचं नाही, नाहीतर तिथून परत झाडूसारखा झुबका येतो. पुढच्या वर्षी आणखी एक तृतीयांश, तिसऱ्या वर्षी उरलेली. तीन वर्षांत अख्खं झुडूप नवं होतं आणि एकाही वसंतात फुलांचा खाडा पडत नाही.

चेंडू अगदीच हाताबाहेर गेला असेल, म्हणजे आत हात जात नाही अशी अवस्था असेल, तर सगळंच चार ते सहा इंचांवर कापा. पुस्तकात हे हिवाळा संपताना, फूट येण्याआधी करायला सांगतात. पण मला विचाराल तर फुलं संपल्या संपल्या करा, म्हणजे त्या वर्षीचा बहर तरी बघायला मिळतो. त्यानंतर एखादं-दोन वर्षं फुलं कमी येतील. उन्हाळ्यात बुडातून ढीगभर कोंब येतात, ते सगळे ठेवू नका. जाडजूड, एकमेकांपासून अंतरावरचे तेवढे ठेवा आणि बारीक कोंब बुडातून काढा. कापल्यावर पहिल्या उन्हाळ्यात पाणी चुकवू नका. झाड आधीच आजारी किंवा पाण्यात उभं असेल तर हा उपाय करू नये, ते परत फुटेलच असं नाही.

द्राक्षबाग (नाशिक / सध्या डॅलस)

वरचं गणित द्राक्षवाल्यांना चटकन कळेल. आपल्याकडे एप्रिलच्या खरड छाटणीनंतर जी काडी वाढते तिच्या डोळ्यांत घड तयार होतो आणि ऑक्टोबर छाटणीनंतर तो बाहेर पडतो. काडी वाढताना ऊन मिळालं नाही किंवा नत्र जास्त झालं तर डोळा वांझ निघतो. फोर्सिथियातही डोळा आधी भरतो, फूल नंतर दिसतं. फरक एवढाच की मधे हिवाळा असतो.

नत्राबद्दल त्यामुळेच सांगावंसं वाटतं: लॉनला टाकायचं खत झुडुपाच्या मुळांपर्यंत पोचतंच. लॉनच्या मधोमध असलेल्या फोर्सिथिया सहा-सहा फूट लुसलुशीत फूट काढतात आणि फुलत नाहीत, त्यामागे बऱ्याचदा हे असतं. खत पसरवताना झुडुपाच्या पसाऱ्याएवढी जागा सोडा. तिला वेगळं खत जवळपास लागतच नाही, वसंतात इंचभर कंपोस्ट पुरे.

थेम्सकाठ (लंडन)

इंग्लंडमध्ये कळ्या गोठण्याचा प्रश्न जवळजवळ येत नाही, इथले चोर वेगळे. बुलफिंच पक्षी हिवाळ्यात फुलांच्या कळ्या टिपून खातात. लक्षण ओळखायला सोपं: काडीवर मधल्या भागात लांबच लांब रिकामी पेरं, खाली कळीची खवलं सांडलेली, टोकाकडे मात्र फुलं. जाळी टाकणं हाच खरा उपाय, पण मोठ्या झुडुपाला ते जमत नाही.

वाणांपैकी इथं सगळ्यात जास्त 'लिनवुड'. उत्तर आयर्लंडमध्ये टायरोन परगण्यातल्या कुक्सटाउनच्या एका बागेत १९३५ साली 'स्पेक्टाबिलिस'च्या झुडुपावर एक फांदी वेगळी निघाली, फुलं जास्त उघडी आणि फांदीभर सारखी पसरलेली. त्या फांदीपासून हा वाण आला. छोट्या बागेला 'वीकएंड' किंवा जमिनीलगत पसरणारी 'गोल्ड टाइड' बरी.

पानगळ

@थेम्सकाठ, धन्यवाद. ओळखीवरून आठवलं, लोक दोन झाडांत हमखास गल्लत करतात. जानेवारी-फेब्रुवारीत पिवळं फुललेलं दिसलं की 'फोर्सिथिया लवकर आली' म्हणतात. ती बहुधा विंटर जास्मिन असते. तिची काडी हिवाळ्यातही हिरवीगार आणि चौकोनी, फुलाला पाच-सहा पाकळ्या. फोर्सिथियाला चारच.

आणि फोर्सिथियातही जात ओळखायची असेल तर काडी उभी चिरून बघा, दोन पेरांच्या मधल्या भागात. आत नळीसारखी पोकळ असेल तर सस्पेन्सा. जिन्याच्या पायऱ्यांसारखे आडवे पातळ पडदे असतील तर विरिडिसिमा. इंटरमीडियात बहुतेक वेळा असेच पडदे दिसतात, पेरापाशी मात्र गर भरीव. सस्पेन्साच्या फांद्या लांब, लोंबत्या असतात, उतारावरून किंवा भिंतीवरून सोडायला ती उत्तम. वॉशिंग्टनला डंबार्टन ओक्सच्या बागेत बिअॅट्रिक्स फॅरंड या उद्यानरचनाकार बाईंनी अख्खा उतार फोर्सिथियाने भरलाय. मोठी जागा मिळाली आणि कापाकापी केली नाही तर हे झाड कसं दिसतं, हे तिथं कळतं. जवळपास राहणाऱ्यांनी मार्चअखेर जरूर बघावं.

रानवाट (मेरीलँड)

एक वेगळं मत मांडते. फोर्सिथिया पूर्व आशियातली. इथल्या कीटकांना तिच्या पानांचा फारसा उपयोग नाही. एकाच वाणाची झुडपं लावली तर बीही धरत नाही, कारण फुलांचे दोन प्रकार असतात, लांब कुक्षिवृंताची (फुलाच्या स्त्रीभागाच्या दांडीची) आणि आखूड कुक्षिवृंताची, आणि परागण एका प्रकारातून दुसऱ्यात व्हावं लागतं. म्हणजे पक्ष्यांना फळंही नाहीत. त्याच सुमारास फुलणारी स्पाइसबुश ही इथली मूळची वनस्पती का लावत नाही? ६ ते १२ फूट वाढते, अर्ध्या सावलीत चालते, मादी झाडाला शरदात लाल फळं येतात आणि स्पाइसबुश स्वॅलोटेल फुलपाखराच्या अळ्या तिच्या पानांवर वाढतात.

सिकेटर

@रानवाट, मुद्दा रास्त आहे. स्पाइसबुशची फुलं बारीक असतात, लांबून पिवळं धुकं दिसतं, फोर्सिथियाचा भडकपणा त्यात नाही. झाडाखालची ओलसर, अर्धसावलीची जागा असेल तर डोळे मिटून स्पाइसबुश लावा, तिथं फोर्सिथिया तशीही धड फुलणार नाही. भर उन्हात, रस्त्याकडेला, कडक मातीत, हरणांच्या वाटेवर मात्र फोर्सिथिया टिकते. हरणं तिला सहसा फार खात नाहीत. शेजारच्या झाडांना मारक ठरणाऱ्या ब्लॅक वॉलनटच्या झाडाजवळही जी थोडी झुडपं तग धरतात त्यांत ती मोडते.

मृद्गंध

फोर्सिथिया फुलली की लॉनवर क्रॅबग्रास या तणाविरुद्धचं औषध टाकायचं, हे किती खरं?

द्राक्षबाग

अंदाज म्हणून खरं, घड्याळ म्हणून नाही. क्रॅबग्रासचं बी वरच्या एक-दोन इंच मातीचं तापमान सलग काही दिवस ५५ फॅरनहाइटच्या आसपास राहिलं की रुजायला लागतं. प्री-इमर्जंट (बी रुजू न देणारं तणनाशक) त्याआधी पडून पाण्याने मुरलेलं हवं. फोर्सिथिया हवेच्या उबेवर फुलते, मातीच्या नाही, त्यामुळे अचानक ऊन पडलं की ती पुढे पळते. डांबरी ड्राइव्ह-वेच्या कडेची माती उरलेल्या लॉनच्या आधी तापते, तिथं क्रॅबग्रासही आधी येतं. फुलं भरात असताना टाकलं तर सहसा चुकत नाही, पाकळ्या गळून पानं फुटली की उशीर होतो. दहा-बारा डॉलरचा माती-थर्मामीटर जास्त भरवशाचा. आणि त्याच वसंतात लॉनचं नवीन बी पेरायचं असेल तर हे औषध टाकू नका, ते बीही रुजू देत नाही.

ईशान्यवारा

गुढीसाठी फांद्या घरात फुलवता येतात असं ऐकलंय. पाडवा लवकर आला तर बोस्टनला बाहेर नुसत्या कळ्या असतात.

पानगळ

येतात, आणि अगदी सोपं आहे. या कळ्यांना आधी साधारण सहा ते आठ आठवडे ४० फॅरनहाइटच्या खालची थंडी मिळावी लागते. जानेवारीच्या मध्यानंतर ती पुरी झालेली असते.

गोठणबिंदूच्या वर तापमान असलेला दिवस निवडा. पेन्सिलीएवढ्या जाड, दीड-दोन फूट लांब, टपोऱ्या कळ्यांच्या काड्या कापा. शक्यतो आतल्या, गर्दीतल्या घ्या, म्हणजे थोडी विरळणीही होते. घरात आणल्यावर बुडाचा इंचभर भाग तिरका परत कापा आणि रात्रभर कोमट पाण्यात ठेवा, जमलं तर टबमध्ये आडव्या बुडवून, म्हणजे खवलं लवकर सैल होतात. मग फुलदाणीत, ६० ते ६५ फॅरनहाइटच्या खोलीत, हीटरच्या झोतापासून आणि कडक उन्हापासून दूर. पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदला, पाण्याखालच्या कळ्या काढून टाका, नाहीतर पाणी कुजतं. जानेवारीत कापल्या तर फुलायला दोन-तीन आठवडे लागतात, मार्चच्या सुरुवातीला साधारण आठवडा-दहा दिवस, मार्चअखेर तीन-चार दिवससुद्धा पुरतात.

२०२६चा पाडवा १९ मार्चला, म्हणजे बोस्टनवाल्यांनी ७-८ मार्चला कापायच्या. २०२७चा ७ एप्रिलला आहे. तेव्हा न्यू जर्सीत बाहेरच फुलं असतील, बोस्टनमध्ये तीन-चार दिवस आधी घरात आणल्या की झालं. फार आधी फुलायला लागल्या तर फुलदाणी थंड गॅरेजमध्ये ठेवा, गोठू मात्र देऊ नका.

गच्चीवरचीबाग (पुणे)

पुण्यात कुंडीत जमेल का? ऑनलाइन रोपं आणि बिया विकायला दिसतात.

पानगळ

@गच्चीवरचीबाग, नको. पुण्याच्या हिवाळ्यात रात्री गारवा असला तरी दुपारी ८० फॅरनहाइटच्या वर पारा जातो, कळीला लागणारी सलग थंडी मिळत नाही. झाड दोन-तीन वर्षं पानांवर रडतखडत जगेल, फुलणार नाही. श्रीनगरसारख्या खऱ्या हिवाळ्याच्या गावी ती छान होते. पुण्यात पिवळं झुडूप हवं असेल तर टिकोमा किंवा गॅल्फिमिया लावा, दोन्ही मोठ्या कुंडीत तगतात आणि फुलंही जास्त दिवस देतात.

मृद्गंध

अजून एक. काडीवर सुपारीएवढ्या खडबडीत गाठी, एकाखाली एक. कीड आहे का?

सिकेटर

कीड नाही, फोमॉप्सिस बुरशीच्या गाठी. दाटीतल्या, हवा न खेळणाऱ्या झुडुपावर जास्त दिसतात. फवारणीने जात नाहीत. कोरड्या दिवशी गाठीच्या चार-सहा इंच खाली, निरोगी लाकडात कापा, आणि खालचा भागही गाठाळ असेल तर सरळ बुडातून काढा. प्रत्येक कापानंतर पातं ७० टक्के अल्कोहोलने पुसा. कापलेल्या काड्या कंपोस्टमध्ये टाकू नका, कचऱ्यात द्या. पाणी वरून फवारून नाही, बुडाशी द्या.

याच्याशी गल्लत होते ती दुसरी गोष्ट: ओल्या, थंड वसंतात कोवळे शेंडे काळे पडून लोंबतात. तो जीवाणूचा करपा. तोही कापूनच काढायचा, आणि त्या वर्षी नत्र पूर्ण बंद.

ईशान्यवारा

चेंडू बुडातून मोकळा करायला घेतोय. कापलेल्या काड्यांपासून नवीन रोपं होतील का?

द्राक्षबाग

होतील, पण सगळ्यात सोपं दाब कलम. फोर्सिथियाचा शेंडा मातीला टेकला की आपणच मूळ धरतो, जुन्या झुडुपाच्या कडेने तयार रोपं बहुतेक वेळा असतातच. आधी ती शोधा. नसतील तर वसंतात एक वर्षाची लवचीक फांदी वाकवा, शेंड्यापासून फूटभर मागे खालच्या बाजूने साल थोडी खरवडा, तो भाग तीन-चार इंच मातीत दाबून वर वीट ठेवा, शेंडा बाहेर उभा राहू द्या. पुढच्या वसंतात मूळ झाडापासून तोडून हलवा.

छाट कलम करायचं तर जूनमधली कोवळी फूट घ्या, चार ते सहा इंच, खालची पानं काढून, अर्धं परलाइट अर्धं पीट अशा ओल्या मिश्रणात, वर पारदर्शक पिशवी, थेट ऊन नको. तीन ते सहा आठवड्यांत मुळं येतात. आत्ता कापलेली जुनी जाड खोडं यासाठी चालत नाहीत, ती सरळ टाकून द्या. आणि शेंडे असे आपोआप रुजतात म्हणूनच कुंपणाच्या कडेला लावली असेल तर वर्षातून एकदा शेजाऱ्याच्या बाजूला डोकावून टेकलेले शेंडे उचलत जा.